मत्स्यतेलाऐवजी सरसकट पामतेल चालेल का?

गाळपेर: नागपूरजवळ शेततळं. रोहू, कटला, सायप्रिनस (कॉमन कार्प) मासे. घरच्याच मशीनवर माशांच्या खाद्याची बुडणारी गोळी: सोया डीओसी (तेल काढलेली सोया पेंड), तेल काढलेला भाताचा कोंडा, मका. १०० किलोला २ किलो मत्स्यतेल जातं, आता परवडत नाही. तेवढंच पामतेल टाकलं तर?

ढेप_आणि_कोंडा: ऊर्जा मिळेल, ओमेगा-३ जवळपास शून्य. सायप्रिनसला खाद्याच्या १ टक्का लिनोलिक (ओमेगा-६ मेदाम्ल) आणि १ टक्का लिनोलेनिक (ओमेगा-३ मेदाम्ल) लागतं. रोहू-कटलालाही तोच आकडा धरा. म्हणजे १०० किलोत एकेक किलो. जवसाच्या तेलात निम्म्याहून जरा जास्त लिनोलेनिक असतं, तेव्हा २ किलो जवस तेलात ते काम भागतं. लिनोलिकसाठी वर १ किलो सोयातेल. उरलेलं मका-कोंड्यातून येतं. गोड्या पाण्यातले हे मासे लिनोलेनिकपासून ईपीए-डीएचए (मत्स्यतेलातले ओमेगा-३) थोडंफार स्वतः बनवतात. जिताड्यासारख्या समुद्री माशाला ते नीट जमत नाही, त्याचा हिशेब इथं लावू नका.

तेलघाणी: भाऊ, जवस तेल खाण्याचंच घ्या, घाण्यावरचं. रंगाच्या दुकानातलं ‘डबल बॉइल्ड’ स्वस्त दिसतं, पण त्यात लवकर वाळावं म्हणून धातूंची द्रव्यं घातलेली असतात. ३ किलो तेल पिठातच कालवलं तर साच्यातून माल घसरतो, दाब बसत नाही, गोळी पाण्यात लगेच फुटते. १ किलो पिठात, उरलेलं २ किलो वाळलेल्या गोळीवर फवारा. गोळी काँक्रीट मिक्सरमध्ये फिरती ठेवायची.

गाळपेर: जवसाची ढेपच वापरली तर? इथं सहज मिळते.

ढेप_आणि_कोंडा: तेलाची जागा ती घेणार नाही, घाण्याच्या ढेपेतही तेल थोडंच उरतं. शिवाय तिच्यात सायनाइड सोडणारे घटक आहेत, आणि बी-६ जीवनसत्त्व निकामी करणारा एक. तेलच घ्या.

खरी भानगड खवटपणाची. जवस तेल हवेशी फार लवकर बिघडतं, त्यात आपला मे महिना आणि पत्र्याचं शेड! १ किलो तेलाला ०.२ ग्रॅम बीएचटी (तेल खवट होऊ न देणारं द्रव्य), तेल आणल्या दिवशीच. डबा काठोकाठ भरलेला, सावलीत. खाद्य उन्हाळ्यात १५ दिवसांपुरतंच करा. मूठभर गोळी चोळून हुंगा: ताज्या रंगासारखा वास आला की ती लॉट फेकायची. खवट तेलानं सायप्रिनसच्या पाठीचं मांस झडतं, पाठ सुरीसारखी दिसते. त्यासाठी ५० टक्क्यांची ई-जीवनसत्त्व पावडर १०० किलोला २० ग्रॅम. बीएचटीऐवजी मात्र ती चालत नाही. ती माशाच्या अंगात काम करते, पोत्यात नाही.

तेलघाणी: वनस्पती तेलावर वाढलेल्या माशाच्या मांसात ईपीए-डीएचए घटतं. गिऱ्हाईक त्याचेच पैसे देत असेल, तर विक्रीआधी शेवटचे दोन-तीन महिने मत्स्यतेलाचं खाद्य द्या.