मदत हवी आहे: कमी ऑक्सिजनमधल्या एंडोथेलियल पेशी, एचआयएफची पट्टी येतच नाही

नमस्कार, प्रोजेक्टमध्ये पार अडकलेय, कुणी हे स्वतः हाताने केलं असेल तर प्लीज सांगा. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशी (ह्यूवेक, नाळेतल्या शिरेच्या) वाढवतेय. १ टक्का ऑक्सिजनच्या चेंबरमध्ये ४ तास ठेवल्या, बाहेर काढल्या, पीबीएसने (खारट बफर द्रावणाने) दोनदा धुतल्या, मग नीट खरवडून लायसेट केलं (पेशी फोडून आतली प्रोटीनं काढली) आणि वेस्टर्न (अँटिबॉडीने प्रोटीन पट्टीच्या रूपात दाखवणारी चाचणी) चालवला, तर एचआयएफ-वन-अल्फाची (ऑक्सिजन कमी पडला की पेशीत साठणाऱ्या प्रोटीनची) पट्टी नाही म्हणजे नाहीच, तीनदा झालं. अ‍ॅक्टिन (तुलनेसाठी बघतात ते, पेशीत नेहमी असणारं प्रोटीन) मात्र स्वच्छ येतंय.

पेशींना ऑक्सिजन कमी पडतोय हे तर दिसतंय. २४ तासांची डिश मायक्रोस्कोपखाली धरली तर एरवी फरशीसारख्या एकमेकींना चिकटून बसणाऱ्या पेशी जागोजागी सुटलेल्या, मधे फटी. आणि ४ तासांच्याच पेशींत ग्लुट-वनचा (ग्लुकोज पेशीत आणणाऱ्या प्रोटीनचा) आरएनए वाढलेला, तो एचआयएफच वाढवतो ना? मग प्रोटीन गेलं कुठे? अँटिबॉडी खराब असेल का?

उत्तर १:
अँटिबॉडी बदलायच्या आधी घड्याळ बघा. ऑक्सिजन असला की प्रोलिल हायड्रॉक्सिलेज नावाचं एन्झाइम एचआयएफवर खूण करतं, व्हीएचएल नावाचं दुसरं प्रोटीन ती ओळखतं आणि प्रोटीन मोडीत निघतं, साध्या हवेत त्याचं अर्धं आयुष्य ५ मिनिटांपेक्षाही कमी असतं. म्हणजे तुम्ही धुताय तेवढ्यात ते संपतंय, आरएनए जास्त वेळ टिकतो म्हणून तो दिसतोय. चेंबरच्या आतच लायसिस बफर (पेशी फोडणारं द्रावण) घाला, नाहीतर डिश बाहेर येताक्षणी बर्फावर, न धुता. दुसरं म्हणजे मीडियममध्ये (पेशी वाढवायच्या द्रवात) विरघळलेला ऑक्सिजन लगेच निघत नाही, काही तास जातात, त्यात या पेशी ऊर्जा मुख्यतः ग्लायकोलिसिसवर (ऑक्सिजन न वापरता ग्लुकोज मोडून) काढतात म्हणून स्वतः फार ऑक्सिजन ओढत नाहीत. मीडियम आदल्या रात्रीच चेंबरमध्ये ठेवा आणि डिशमध्ये थर पातळ ठेवा. अँटिबॉडीची शंका असेल तर साध्या हवेतल्याच एका डिशमध्ये कोबाल्ट क्लोराईड घाला, ते खूण करणारं एन्झाइम अडवतं, पट्टी आली म्हणजे अँटिबॉडी ठीक.

धागाकर्ती:
खूप खूप आभार! धुणं आणि खरवडणं मिळून सहज १५ मिनिटं जात होती आणि मी ते काळजीपूर्वक करतेय म्हणून खूश होते. मीडियम आज रात्रीच चेंबरमध्ये ठेवते. कोबाल्ट क्लोराईड १०० मायक्रोमोलर घेऊ का, आणि तेही ४ तासच ठेवायचं?