लिओ स्ट्राउस, त्यांचे शिष्य आणि इराक युद्ध : काय वाचावे?

शब्दवेल्हाळ

नमस्कार. आमच्या अभ्यासमंडळात पुढील महिन्यात मला एक विषय मांडायचा आहे. शिकागो विद्यापीठात जवळजवळ वीस वर्षे प्लेटो, झेनोफन आणि मॅकियाव्हेली शिकवणारे जर्मन-ज्यू तत्त्वज्ञ लिओ स्ट्राउस (१८९९–१९७३) यांच्या शिष्यपरंपरेने अमेरिकी रूढिमतवाद्यांच्या परराष्ट्र धोरणाला कितपत वळण दिले, असा तो विषय आहे. २००३ च्या इराक युद्धाच्या सुमारास आलेले बरेच लेखन मी चाळले. परंतु काही लेखकांच्या मते स्ट्राउस हेच त्या युद्धाचे पडद्यामागील सूत्रधार, तर काहींच्या मते त्यांचा या प्रकरणाशी काडीचाही संबंध नाही. हाताशी जेमतेम पाच आठवडे आहेत. इंग्रजी वाचनाची अडचण नाही, मात्र तत्त्वज्ञानाचा पाया कच्चा आहे. सुरुवात कोठून करावी आणि काय सरळ वगळावे, हे जाणकारांनी सांगावे, ही विनंती.

तळटीप

स्ट्राउस यांच्यावरील जाडजूड ग्रंथांनी सुरुवात करू नका. त्यांची बाजू घेणारे आणि त्यांना झोडपणारे, दोन्ही प्रकारचे लेखक आपण मूळ ग्रंथ वाचलेले आहेत असे गृहीत धरतात. एब्रम शुल्स्की आणि गॅरी श्मिट यांनी १९९९ मध्ये, स्ट्राउस यांचे विचार आणि गुप्तवार्तांचे जग या विषयावर एक छोटा निबंध लिहिला आहे, तो आधी मिळवा. हेच शुल्स्की पुढे पेंटागॉनमधील ‘ऑफिस ऑफ स्पेशल प्लॅन्स’ या, इराक युद्धाच्या तयारीत वादग्रस्त ठरलेल्या कक्षाचे प्रमुख झाले. निबंधातील रोख येल विद्यापीठाचे इतिहासकार शर्मन केंट यांच्या विश्लेषणपद्धतीवर आहे, ज्या पद्धतीवर सीआयएची एक अख्खी पिढी घडली. सामाजिक शास्त्रांची अवजारे वापरून कोणत्याही देशाच्या वर्तनाचा अंदाज बांधता येतो, ही केंट यांची श्रद्धा; त्यावर शुल्स्की आणि श्मिट यांचे उत्तर असे की राजवटीराजवटींत मुळातच फरक असतो आणि राजकारणात फसवणूक हा अपवाद नसून नेहमीचाच व्यवहार आहे. जुने ग्रंथकार छळाच्या भीतीने खरे मत शब्दांआड ठेवत, हे स्ट्राउस यांनी १९५२ मध्ये मांडले होते. ग्रंथ वाचण्याची ती दृष्टी येथे शत्रूच्या हालचाली वाचायला वापरलेली दिसते. प्रभावावर नेमके बोट ठेवता येईल अशी जागा मला तरी हीच वाटते. धोकाही येथेच आहे, कारण समोरचा लपवतोच आहे असे एकदा ठरले की पुरावा न सापडणे हाच त्याच्या लबाडीचा पुरावा ठरू लागतो.

इराक युद्धाच्या वेळचे अमेरिकी संरक्षण उपमंत्री पॉल वुल्फोवित्झ यांचे नाव या यादीत नेहमी पहिले येते, तेव्हा थोडे सावध राहा. कॉर्नेलमध्ये त्यांना स्ट्राउस यांचे शिष्य ॲलन ब्लूम यांचा सहवास लाभला, शिकागोत त्यांनी खुद्द स्ट्राउस यांचे दोन अभ्यासक्रमही घेतले. पण १९७२ ची त्यांची डॉक्टरेट अण्वस्त्रनीतीचे तज्ज्ञ ॲल्बर्ट वोलस्टेटर यांच्या हाताखालची, आणि तिचा विषय मध्यपूर्वेत समुद्राचे पाणी गोडे करणाऱ्या अणुप्रकल्पांमुळे होऊ शकणारा अण्वस्त्रप्रसार. प्लेटोशी त्याचा संबंध जोडायचा म्हटला तर बराच खटाटोप करावा लागेल. या मंडळींच्या कारकिर्दींसाठी जेम्स मान यांचे २००४ चे ‘राइज ऑफ द व्हल्कन्स’ पुरेसे आहे.

आता एका शब्दाविषयी. ‘रेजीम चेंज’साठी आपण सहज ‘सत्तापालट’ म्हणून मोकळे होतो. स्ट्राउस मात्र ‘रेजीम’ हा शब्द ग्रीक ‘पोलितेइया’च्या अर्थाने वापरत, म्हणजे शासनाचे स्वरूप आणि त्याबरोबर त्या समाजाची जगण्याची रीत, त्याने आदरणीय मानलेली माणसे, त्याच्या सवयी, हे सगळे मिळून. हा अर्थ धरला, तर एप्रिल २००३ मध्ये बगदादमधील सद्दाम हुसेन यांचा पुतळा पाडल्याने रेजीम बदलली असे म्हणताच येत नाही. ब्लूम यांचेच विद्यार्थी असलेल्या फ्रान्सिस फुकुयामा यांनी २००६ च्या ‘अमेरिका ॲट द क्रॉसरोड्स’मध्ये जवळपास हाच आक्षेप घेतला आहे, ते पुस्तक चुकवू नका.

रानवाट

तळटीप यांच्या यादीबद्दल तक्रार नाही, परंतु त्यांनी विचारांना जरा जास्तच श्रेय दिले आहे. धोरण निबंधांनी घडत नाही, ओळखीपाळखी आणि पदांनी घडते. हार्वर्डमध्ये स्ट्राउस यांच्याच परंपरेतील हार्वी मॅन्सफिल्ड यांच्याकडे शिकलेले विल्यम क्रिस्टल यांनी १९९५ मध्ये ‘वीकली स्टँडर्ड’ हे साप्ताहिक काढले, १९९७ मध्ये ‘प्रोजेक्ट फॉर द न्यू अमेरिकन सेंच्युरी’ हा धोरणविषयक अभ्यासगट उभारला आणि जानेवारी १९९८ मध्ये सद्दाम हुसेन यांना हटवण्याची मागणी करणारे पत्र क्लिंटन यांना गेले. त्या पत्राखालच्या सह्या मंडळात जरूर वाचून दाखवा. त्यांत इराक युद्धाच्या वेळी संरक्षणमंत्री असलेले डोनाल्ड रम्सफेल्ड आणि तेव्हा परराष्ट्र खात्यात असलेले जॉन बोल्टन आहेत, ज्यांचा स्ट्राउस यांच्या वर्गाशी संबंध नाही.

दुसरे असे की परंपरा एकजिनसी नाही. न्यूयॉर्कमध्ये स्ट्राउस यांच्याकडे शिकलेले हॅरी जाफा पुढे कॅलिफोर्नियातील क्लेरमाँटला गेले. त्या गोटातील मायकेल अँटन यांनी २०१६ मध्ये ट्रम्प यांची बाजू घेतली आणि जगभर लोकशाही रुजवण्याच्या मोहिमांवर टीका केली. क्रिस्टल त्याच वर्षी ट्रम्पविरोधकांत जाऊन बसले. घराणे एक, बंदिश तीच, पण एकाची मैफल जिथे रंगते तिथून दुसरा उठून जातो.

शब्दवेल्हाळ

दोघांचेही मनापासून आभार. एक शंका : स्ट्राउस यांच्या गूढलेखनाची कल्पना मराठी श्रोत्यांना समजावताना महानुभावांच्या सकळ या सांकेतिक लिपीचा दाखला देऊ का?

तळटीप

देऊ नका, किंवा दिलात तर फरक दाखवण्यासाठी द्या. सकळ लिपी न जाणणाऱ्याला पोथीतले अक्षरही लागत नाही, म्हणजे तिथे कुलूप दारालाच आहे. स्ट्राउस ज्या लेखनाबद्दल बोलतात ते कोणीही वाचू शकतो, आणि वाचून समजल्याच्या समाधानात निघून जातो.

रानवाट यांचा फाटाफुटीचा मुद्दा मला मान्य आहे. म्हणूनच मूळ स्ट्राउस थोडे तरी वाचा, फार नाही, १९६४ च्या ‘द सिटी अँड मॅन’ची प्रस्तावना तेवढी. कोणताही राजकीय समाज हा मर्यादित आणि विशिष्टच राहणार, त्याचे पहिले काम स्वतःला टिकवणे आणि सर्वोच्च काम स्वतःला सुधारणे, असे ते तिथे म्हणतात. त्या वाक्यावर क्रिस्टल आणि अँटन दोघेही हक्क सांगू शकतील. मंडळात ते मोठ्याने वाचून, कोणाचा दावा बळकट वाटतो असे विचारा. तासभर सहज जाईल.