गच्चीवरच्या शेडचे पत्रे वाऱ्याने उचलतायत, शनिवारच्या आत काय करता येईल?

गच्ची_सिडको
रोज दुपारी चार वाजले की आभाळ भरून येतंय आणि पावसाच्या आधीच असा वारा सुटतो की शेडचे पत्रे फडफडायला लागतात. काल एका कोपऱ्यातला पत्रा वीतभर वर उचलला जाऊन परत आपटत होता. फॅब्रिकेटरने दोनदा येऊन नट आवळून दिले, आता फोन उचलत नाही. खाली लोकांची ये-जा असते, पत्रा उडाला तर अनर्थ होईल. शनिवारच्या आत पक्कं काय करता येईल? कृपया लवकर सांगा.

पन्हाळी
शेड केवढी आहे? पत्रा किती एमएम? पर्लिनमध्ये, म्हणजे पत्र्याखालच्या आडव्या पाईपांमध्ये, अंतर किती? पत्रे धरायला जे-हूक (पाईपाला अडकणारे वाकडे बोल्ट) आहेत की सेल्फ ड्रिलिंग स्क्रू (स्वतःच भोक पाडत जाणारे)? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खांब कशावर उभे आहेत? एवढं कळल्याशिवाय काहीही सांगणं म्हणजे अंदाज.

वाळूची_गोणी
एवढं मोजमाप कशाला. प्रत्येक पत्र्यावर दोन वाळूच्या गोण्या आणि कडेला मोठे दगड. गावाकडे सगळे हेच करतात.

पन्हाळी
गोणी दादा, कृपा करून हा सल्ला इथे देऊ नका. हिशेब बघा. ताशी १०० किमीच्या झोताचा दाब दर चौरस मीटरला साधारण ४७ किलो भरतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. अर्ध्या एमएमचा पत्रा स्वतः चौरस मीटरला जेमतेम साडेचार किलोचा. समजा १२ बाय १५ फुटांची शेड धरली तर ही उचल ७०० किलोच्या पुढे जाते, तिथे ८ किलोचे दहा दगड काय धरून ठेवणार? शिवाय पत्रा वाकला की पहिल्यांदा दगडच खाली येतो, तोही रस्त्यावरच्या माणसाच्या डोक्यावर. गोणी उन्हाने महिन्या-दोन महिन्यांत फाटते आणि वाळू पन्हाळीत जाऊन पाणी तुंबतं.

कांदाचाळ
ज्यांचा काढलेला कांदा अजून शेतात आहे त्यांनी ताडपत्री जमिनीपर्यंत घट्ट आवळू नका. पाऊस थांबला की लगेच दोन्ही बाजू उचला, नाहीतर आत घाम धरून कांदा सडतो. ताडपत्रीच्या कडांवर माती ओढा, दगड नको.

गच्ची_सिडको
कांद्याचा प्रश्न नाहीये हो. शेड १२ बाय १५, उतार मागच्या बाजूला. पत्रा ०.३५ एमएम. जे-हूक आहेत. पर्लिन ५-५ फुटांवर. खांब सहा, खाली प्लेट लावून गच्चीला बोल्ट मारलेत. अजून काय हवंय?

लोखंडी_काम
०.३५ ला ५ फूट म्हणजे फारच लांब. एवढ्या पातळ पत्र्याला साडेतीन फुटांच्या पुढे जाऊ नये, मधून एक-एक पाईप वाढवावाच लागेल. २ एमएम जाडीचा घ्या. १.२ एमएमच्या पाईपात सेल्फ ड्रिलिंग स्क्रूचे आटे कमी धरतात, जास्त आवळले तर फिरायला लागतात.

आता कोपऱ्यातला हूक काढून भोक नीट बघा. फडफडणाऱ्या पत्र्याचं भोक गोल राहत नाही, लांबट होतं, आणि भोवती घासून काळं कडं पडलेलं दिसतं. डांबरी वॉशर उन्हाने तडकलेला असतो तो वेगळाच. अशा भोकात नट कितीही आवळा, उपयोग नाही. पन्हाळीचा उंचवटा मात्र चेपतो आणि त्या खळग्यातून पाणी गळायला लागतं.

पन्हाळी
सहमत, पण पत्रा हा दुसरा प्रश्न. ताई/दादा, शेडच्या बाजू उघड्या आहेत ना?

गच्ची_सिडको
दादाच. नाही, तीन बाजूंनी पत्रे लावलेत, समोरची बाजू उघडी. वॉशिंग मशीन आहे आत.

पन्हाळी
हे आधी सांगायला हवं होतं! तीन बाजू बंद आणि एक उघडी म्हणजे वारा आत शिरून खालून ढकलतो, आणि त्याच वेळी वरून जाणारा वारा पत्रा ओढतो. उघड्या छपरापेक्षा उचल कितीतरी वाढते. समोरच्या उघड्या बाजूच्या बरोबर मागच्या भिंतीवरचा वरचा दोन फूट पत्रा आजच काढा, वाऱ्याला बाहेर जायला वाट मिळेल. असा वारा कुठून येईल सांगता येत नाही, कारण ढगातून खाली कोसळणारी थंड हवा जमिनीवर चारी दिशांना पसरते. म्हणूनच थेंब पडायच्या आधी झोत येतो.

शुद्धलेखन_नाही_पण
थोडं अवांतर. सगळे याला अवकाळी म्हणतायत. मार्च-एप्रिलची गारपीट अवकाळी म्हणा हवं तर, पण वैशाखातला विजा-वाऱ्यासह येणारा तो वळीव, त्याची ही वेळच आहे.

लोखंडी_काम
नाव काहीही द्या, पत्रा तसाच उडतो. गच्ची दादा, खांबांचे बोल्ट किती लांब आहेत आणि गच्चीवर ब्रिकबॅट कोबा (स्लॅबवरचा विटांच्या तुकड्यांचा वॉटरप्रूफिंगचा थर) आहे का? इथेच सगळी फसगत होते. कोबा साधारण ४ इंच असतो. त्यात ३ इंची अँकर फास्टनर (भोकात फुगून धरणारा बोल्ट) मारला तर तो विटांच्या तुकड्यांत आणि चुन्या-सिमेंटातच अडकून राहतो, स्लॅबच्या काँक्रीटपर्यंत पोचतच नाही. वरून ठोकून बघितलं तर घट्ट वाटतो, ओढ बसली की कोब्याच्या ढपल्यासकट निघतो.

वाळूची_गोणी
मग कठड्याला बांधा तारेने.

लोखंडी_काम
कठडा ४ इंची विटांचा असेल तर तो शेडबरोबर जाईल. कॉलम किंवा बीम असेल तिथेच बांधा.

अर्थिंग
मशीन आत आहे हे वाचून लिहितोय. दिव्याची वायर पत्र्याच्या कडेवरून किंवा हुकाला घासून गेली असेल तर आजच काढा. फडफडीने आवरण कापलं की सगळ्या सांगाड्यात करंट उतरतो. सांगाड्याला अर्थिंगची वायर जोडा, गच्चीच्या लाईनला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच) हवीच. ती माणसाला वाचवते, विजेच्या लाटेपासून मशीनला नाही. त्यासाठी डीबीत (मुख्य स्विचच्या पेटीत) टाईप २ एसपीडी, म्हणजे लाट जमिनीत वळवणारं उपकरण, लागतो, आणि अर्थिंग खराब असेल तर तोही शोभेचा. वीज चमकल्यापासून गडगडाट ३० सेकंदांच्या आत ऐकू आला तर गच्चीवर जाऊच नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं, विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप फोनवर ठेवा.

सौर_छप्पर
पत्र्याऐवजी सोलर पॅनेलचंच छप्पर करा. २५ एमएमच्या बर्फगोळ्याने ताशी ८० किमीच्या वर मारून चाचणी केलेली असते, तेवढ्या गारांची काळजी नाही.

पन्हाळी
पॅनेलखालीही वारा शिरतोच आणि खांबांचा प्रश्न तोच. शनिवारी सोलर होत नसतं.

गच्ची_सिडको
एका खांबाजवळ कोबा फोडून बघितला. बोल्ट ७५ एमएम, कोबा बरोबर ४ इंच. म्हणजे काँक्रीटला काहीच धरलेलं नाही. भोकही लांबट झालंय, काळं कडं आहे. पाईप वाढवायला माणूस सोमवारी येतोय.

लोखंडी_काम
मग सोमवारपर्यंत छप्पर ठेवू नका. सकाळी वारा पडलेला असताना, दोन माणसं लावून पत्रे उतरवा आणि खाली घरात न्या. गच्चीवर रचून ठेवलेला ढीगही उडतो. खाली नेणं जमत नसेल तर निदान कडेच्या दोन्ही रांगा काढा, ओढ कोपऱ्यांवर आणि कडांवर सगळ्यात जास्त असते.

सोमवारी क्रम असा ठेवा: खांबाखालचा कोबा चौकोनी कापून स्लॅब उघडी करा, ती जाडीने किती आहे ते मोजून त्याप्रमाणे १२ एमएमचे केमिकल अँकर (भोकात रसायन भरून चिकटवलेले बोल्ट) बसवा, भोक ब्लोअरने आणि ब्रशने साफ केल्याशिवाय रसायन भरू देऊ नका. त्यावर काँक्रीटचा छोटा चबुतरा, कडेला उतार आणि वॉटरप्रूफिंग. मग पाईप. पत्रे लावताना भोकं नवीन पाडा, जुनी सीलंट आणि पट्टीने बुजवा. वळचणीच्या टोकाला ४० बाय ६ एमएमची लोखंडी पट्टी सगळ्या पत्र्यांवरून आडवी टाकून हूक तिच्यातून घ्या.

गच्ची_सिडको
उद्या सकाळी सहालाच उतरवतो. चबुतऱ्याला किती दिवस पाणी मारायचं?

लोखंडी_काम
सात. आणि त्या सात दिवसांत वर पत्रा चढवू नका.