डिचोलीत नवीन घर बांधतोय, सोलार आणि बॅटरीचं आत्ताच काय ठरवू?

चिरेबंदी_डिचोली:
नमस्कार मंडळी. डिचोलीजवळ वडिलोपार्जित जागेत घर बांधतोय, प्लिंथ झाली, आता भिंती चढतायत. चिऱ्याचं घर, वर मंगळुरी कौलं, मागे थोडा स्लॅब. आमच्याकडे पावसाळ्यात वारा सुटला की माडाची चुडतं तारेवर पडतात आणि लाईट जाते, कधी तासभर तर कधी अख्खी रात्र. घरात आई आहे, तिची इन्सुलिन फ्रीजमध्ये असते, शिवाय विहिरीचा पंप. मित्राने ३ किलोवॅट सोलार बसवलंय पण म्हणतो लाईट गेली की ते पण बंद, मग उपयोग काय? घर अजून हातात आहे तोवर काय काय करून घ्यावं ते सांगा.

वायरमन_सत्तरी:
भाऊ, मित्राचं सोलार बिघडलेलं नाही, ते ऑनग्रिड आहे, म्हणजे सरकारी लाईनला जोडलेलं, बॅटरी नसलेलं. लाईन बंद असताना घरातून वीज उलटी तारेत गेली तर खांबावर चढलेल्या लाईनमनचा जीव जाईल, म्हणून तो इन्व्हर्टर आपोआप बंद होतो, तसा नियमच आहे. तुम्हाला हायब्रिड इन्व्हर्टर, म्हणजे सोलार, बॅटरी आणि लाईन तिन्ही सांभाळणारा, आणि बॅटरी लागणार. पण त्याच्या आधी वायरिंग बघा. आत्ताच दोन डीबी (एमसीबीचे डबे) करून घ्या, एकावर फ्रीज, विहिरीचा पंप, पंखे, लाईटी, वायफाय, आईच्या खोलीतलं एक सॉकेट आणि दुसऱ्यावर गिझर, एसी, इस्त्री वगैरे सगळं. पहिली डीबी तेवढी हायब्रिडच्या बॅकअपला जाते. हे भिंती प्लास्टर झाल्यावर करायला गेलात तर चिरा फोडत बसाल आणि गवंडी शिव्या घालेल ते वेगळंच.

हिशोब सोपा आहे. बीएलडीसी (कमी वीज खाणारा नवा) पंखा साधारण ३० वॅट घेतो, जुना ७०-७५. असे चार पंखे रात्रभर म्हणजे एक युनिट, लाईटी अर्धा, फ्रीज रात्रीचा अर्धा-पाऊण. ५१.२ व्होल्ट १०० एएचची लिथियम म्हणजे ५ युनिटची बॅटरी, त्यात रात्र आरामात निघते आणि सकाळी पंप पण चालतो. फक्त १ एचपीची मोटर चालताना साधारण एक किलोवॅट घेत असली तरी सुरू होताना त्याच्या कितीतरी पट ओढते, म्हणून इन्व्हर्टर ५ किलोवॅटचा घ्या नाहीतर पंपाला सॉफ्ट स्टार्टर, म्हणजे मोटर हळूहळू सुरू करणारा, लावा.

माडाखाली:
एवढ्या खर्चाची गरजच काय कळत नाही, साधा इन्व्हर्टर आणि दोन ट्युब्युलर (पाणी घालायच्या, लेड-ॲसिड) बॅटऱ्या घ्या, आमचं सगळं त्यावरच चालतं. जुलैत ऊन असतंच कुठे?

पेडण्याची_बाय:
@माडाखाली तासा-दोन तासांसाठी बरोबर आहे तुमचं, पण २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते आलं तेव्हा आमच्या वाड्यावर कित्येक दिवस लाईट नव्हती, ट्युब्युलर पहिल्याच रात्री झोपल्या आणि भरायच्या कशावर? वादळ गेल्यावर ऊन कडक होतं, पॅनल असते तर दिवसा भरल्या असत्या. ऊन नसतं म्हणता ते मात्र खरं, स्वच्छ उन्हात १ किलोवॅटला दिवसाला ४ युनिटच्या आसपास मिळतात आणि आषाढातल्या काळोख्या दिवशी पाव पण मिळत नाहीत. म्हणून आम्ही आता हायब्रिडमध्ये जून ते सप्टेंबर सेटिंग बदलतो, बॅटरी ग्रिडवरून कायम फुल ठेवायची, सोलारवर जे येईल ते वरचं. गणपतीची चवथ झाली की परत रात्री बॅटरी वापरायला काढतो.

दादा, छपराचं पण बघा. आढं पूर्व-पश्चिम असलं तर एक उतार सरळ दक्षिणेला येतो, तोच पॅनलचा. प्लिंथ झालीय म्हणजे घर फिरवता येणार नाही पण आढ्याची दिशा अजून बदलता येईल, इंजिनियरला आजच विचारा. आणि कौलांवर चढून पॅनल पुसायला गेलं की कौलं फुटतात, त्यापेक्षा मागच्या स्लॅबवरच बसवलेले बरे, ३ किलोवॅटला साधारण ३० चौरस मीटर धरा.

चिरेबंदी_डिचोली:
स्लॅब आहे तेवढा, पण शेजाऱ्याचा माड दुपारनंतर सावली टाकतो. सबसिडी बॅटरीला पण मिळते का?

वायरमन_सत्तरी:
केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेची सबसिडी ३ किलोवॅटला ७८ हजार मिळते, पण ती पॅनलच्या क्षमतेवर, बॅटरी आपल्या खिशातून. पॅनल भारतीय सेलचे, म्हणजे डीसीआर, लागतात, कोटेशनमध्ये लिहून घ्या. आणि सिस्टम ग्रिडला जोडलेलीच हवी, नुसत्या ऑफग्रिडला ती मिळत नाही.

माडाचं म्हणाल तर पॅनलवर सावलीची एक पट्टी आली तरी अख्खी स्ट्रिंग (एकामागोमाग जोडलेली पॅनलची रांग) ढेपाळू शकते, म्हणून दुपारनंतर सावलीत जाणारे पॅनल इन्व्हर्टरच्या वेगळ्या एमपीपीटीवर (पॅनल जोडायच्या स्वतंत्र इनपुटवर) घ्या. नारळ पडायच्या टप्प्यात तर एकही नको. बॅटरी कौलांखालच्या माळ्यावर ठेवू नका, उन्हाळ्यात तिथे भट्टी असते, उत्तरेकडच्या भिंतीला जमिनीपासून हातभर वर टांगा. अर्थिंग नीट करा, चिऱ्याच्या जमिनीत ते सहजासहजी मिळत नाही, आणि एसी-डीसी दोन्हीकडे एसपीडी, म्हणजे विजेच्या झटक्यापासून वाचवणारं यंत्र. पावसाआधीच्या विजा तुम्हाला माहीत आहेतच.

पेडण्याची_बाय:
शेजाऱ्याला विचारून पाडेल्याकडून (माडावर चढून नारळ पाडणाऱ्याकडून) चुडतं तरी काढून घ्या मे संपायच्या आत.