'खाण तशी माती' म्हणणाऱ्यांना माझं उत्तर

कोरेगावची लेक: काल इथं एकानं लिहिलं, 'खाण तशी माती. मुलगी सासरी नांदत नसेल तर आधी तिच्या आईचं वळण बघा.' रात्रभर डोळा लागला नाही. माझ्या आईचं नाव नकुसा, म्हणजे नकोशी. तीन बहिणींच्या पाठीवरची चौथी. 2011 साली सातारा जिल्हा परिषदेनं 285 नकुसांची नावं बदलली, तेव्हा आईनं पन्नाशी ओलांडली होती. तिचं नाव तेच राहिलं. मला मात्र तिनं हौसेनं नाव ठेवलं, कऱ्हाडला कॉलेजात घातलं. हे वळण कुठल्या खाणीतलं?

मिरजेचा बागायतदार: ताई, पण 'भावाला आधी वाढ' हे घरात कोण म्हणतं? आजी आईला म्हणायची, आई बहिणीला. बायकांनीच चालवलंय हे.

जतची थोरली: चालवलंय? वडिलांच्या जमिनीतला वाटा भावाला सोडल्याच्या हक्कसोडपत्रावर सही केली तेव्हा आई शेजारी बसलेली. 'माहेर तुटंल गं,' एवढंच म्हणाली. तिनंही भावाला असंच सोडलेलं. माझ्या अंगठ्याची शाई तिनं पदरानं पुसली. तो डाग त्या लुगड्यावर अजून आहे.

मिरजेचा बागायतदार: जमीन कुठनं आली मधेच? लग्नात दिलं ते काय कमी? तीन एकर द्राक्षबाग, वर सोसायटीचं कर्ज. त्यात बहिणींनी वाटा मागायचा?

जतची थोरली: कर्जातही वाटा घेतला असता, विचारलं कुणी? लेकींना वाटा देणारा महाराष्ट्राचा कायदा 1994 चा, देशाचा 2005 चा. माझं लग्न 2009 चं. लग्नातल्या भांड्यांचा हिशोब मला सांगू नका!

वाईचे गुरुजी: भांडू नका. सावित्रीबाई आपल्याच जिल्ह्यातल्या, नायगावच्या. त्या शिकल्या लग्नानंतर, जोतीरावांकडून. मुलगी आईच्या पुढं जाते ती अशी.

कोरेगावची लेक: गुरुजी, म्हणजे आमच्या आया अडाणी आणि शिकवणारा पुरुषच? माझी आई अंगठा उठवायची. पण माझी फी तिनं दुधाच्या पैशातनं भरली, वडिलांना न सांगता.

वाईचे गुरुजी: तसं म्हणायचं नव्हतं. पण बरोबर आहे तुमचं, माझं उदाहरण चुकलं.

मिरजेचा बागायतदार: फीचं मान्य. वाट्याचं नाही. मघाशी आईला विचारलं, मामाला किती सोडलंस? काही न बोलता आत गेली.

जतची थोरली: मग तुम्हीही आत जा. पुन्हा विचारा.