मदत हवी आहे : खरबुजात बीटा कॅरोटीन जास्त, पण डीपीपीएच (अँटिऑक्सिडंट क्षमतेची चाचणी) कमी. चूक कुठे होतेय?

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी केशरी आणि हिरव्या गराची खरबुजं तपासतेय. ५ ग्रॅम ताजा गर थंड ॲसिटोनमध्ये खलला, पेट्रोलियम ईथरमध्ये रंग ओढून घेतला आणि २५ मिली करून ४५० नॅनोमीटरला प्रकाशशोषणाचं रीडिंग (A) घेतलं. केशरी ०.८३, हिरवा ०.२१. बीटा कॅरोटीनचा शोषण गुणांक २५९२ धरून केशरीचं १६ मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅम येतंय, हिरव्याचं ४.

अँटिऑक्सिडंटसाठी त्याच फळांचा मेथॅनॉल अर्क काढून डीपीपीएच केलं : अर्धा तास अंधारात, मग ५१७ ला रीडिंग. केशरी ३१ टक्के, हिरवा ३८! तीनदा केलं, तेच. सर म्हणतात, ज्यात कॅरोटीन जास्त त्यात ॲक्टिव्हिटीही जास्त यायला हवी. पुढच्या आठवड्यात सादरीकरण आहे आणि माझा डोळ्याला डोळा नाही. कुणी सांगेल का?

प्रतिसाद १
घाबरू नका, डीपीपीएच बहुतेक बरोबर आहे. बीटा कॅरोटीन मेथॅनॉलमध्ये जेमतेम विरघळतं, म्हणजे ते चोथ्यातच राहिलं. त्या कुपीत तुम्ही मोजलंत ते मुख्यतः फिनॉलिक्स (वनस्पतींतली अँटिऑक्सिडंट संयुगं) आणि क जीवनसत्त्व. शिवाय कॅरोटीनची डीपीपीएचशी तशीही फारशी गट्टी नाही. दोन वेगळ्या गोष्टी मोजून त्यांचं नातं शोधताय.

मला शंका आहे ती हिरव्याच्या ४ वर. हिरव्या गरात क्लोरोफिल असतं आणि तेही ४५० च्या आसपास प्रकाश शोषतं, त्यामुळे आकडा फुगतो. नागाता-यामाशिता पद्धत वापरून बघा : ॲसिटोन-हेक्झेन ४:६, रीडिंग ६६३, ६४५, ५०५ आणि ४५३ ला. मिग्रॅ प्रति १०० मिली = ०.२१६×A६६३ − १.२२×A६४५ − ०.३०४×A५०५ + ०.४५२×A४५३. एचपीएलसी (घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) मिळत असेल तर उत्तमच, पण विभागात रांग लावून मिळतं तेव्हा फळं सडलेली असतात, हा स्वानुभव.

धागाकर्ती
हुश्श! मग कॅरोटीनची स्वतःची ॲक्टिव्हिटी कशी दाखवू? आणि डीपीपीएचसाठीचा गर मी ओव्हनमध्ये ६० अंशांवर वाळवला होता, चालतं ना?

प्रतिसाद १
इथे मात्र चुकलंत. ओव्हनमध्ये क जीवनसत्त्व जातं. शिवाय एक आकडा ताज्या वजनावर, दुसरा सुक्यावर. खरबुजात ९० टक्के पाणी, तुलना कशी करणार? दोन्ही ताज्यावर करा, किंवा दोन्हीसाठी फ्रीझ-ड्राय केलेला (गोठवून वाळवलेला) गर घ्या.

कॅरोटीनसाठी एबीटीएस (दुसरी अँटिऑक्सिडंट चाचणी) घ्या. रीडिंग ७३४ ला असतं, तिथे कॅरोटीनचा रंग मध्ये येत नाही. एबीटीएस ७ मिलिमोलर, पोटॅशियम परसल्फेट २.४५, रात्रभर अंधारात, मग इथेनॉलने विरळ करून रीडिंग ०.७० वर आणा. ईथरचा अर्क नायट्रोजनखाली उडवून वापरा. पाण्यात विरघळणारा भाग वेगळा, तेलात विरघळणारा वेगळा, असे दोन स्तंभ सरांसमोर ठेवा.

प्रतिसाद २
एक राहिलं : कुपीला फॉइल गुंडाळा आणि ॲसिटोनमध्ये ०.१ टक्का बीएचटी (कॅरोटीन टिकवणारं रसायन) घाला, पण फक्त कॅरोटीन मोजायच्या अर्कात. एबीटीएसच्या अर्कात चुकूनही नको, बीएचटी स्वतःच अँटिऑक्सिडंट आहे. आमच्या बॅचमध्ये एकाने घातलं होतं. ब्लँकचीच (फळाचा अर्क नसलेल्या कुपीची) ॲक्टिव्हिटी सगळ्यात जास्त आली होती.