मदत हवी आहे: साखर कारखाना भांडवलशाहीत की समाजवादात? लवकर सांगा

रेवा_२१: तक्ता अडलाय. एका रकान्यात भांडवलशाही, दुसऱ्यात समाजवाद. बाकी सगळं भरलं, साखर कारखाना कुठे टाकू तेच कळेना. उद्या द्यायचंय. 'मिश्र अर्थव्यवस्था' हे उत्तर चालत नाही, आधीच सांगते.

माळरान: कितवीचं? कारखाना खासगी की सहकारी?

चक्रधर: कारखाना सोडा, जर्मनी घ्या. 1949 ते 1990, एकच भाषा, एकच माणसं, दोन व्यवस्था. पूर्वेला ट्राबांट गाडीसाठी दहा वर्षांहून जास्त थांबावं लागायचं.

नदीकाठ: पश्चिमेला अमेरिकेच्या मार्शल योजनेचा पैसा आला, पूर्वेचे कारखाने सोव्हिएत रशियाने उखडून नेले, हेही लिहा की. आणि रांगा आपल्याकडेही होत्या. बजाज खासगी कंपनी, तरी स्कूटरचा नंबर लागायला वर्षानुवर्षं जायची.

चक्रधर: ती परवाना राजची करणी, किती माल काढायचा तेही सरकारला विचारून. परवाने सैल झाले, रांगा संपल्या. माझाच मुद्दा झाला.

नदीकाठ: ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याला रांगही नाही आणि स्कूटरही नाही. ते कुठल्या रकान्यात?

रेवा_२१: जर्मनी नको हो! टीवायबीए. कारखाना सहकारी, पप्पा सभासद आहेत.

ऊसकरी: हे आधी सांगायचं ना ताई. अख्खा कारखाना एका रकान्यात बसवू नका, ओळीओळीने भरा. मालकी शेतकऱ्यांची, पण शेअर कितीही असोत, एका सभासदाला एकच मत. कंपनीत मत शेअरमागे असतं. नगर जिल्ह्यात प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांनी 1950 मध्ये हेच उभं केलं. राज्य सरकारचंही भागभांडवल असतं. साखर विकायची बाजारात, पण उसाची एफआरपी, म्हणजे शेतकऱ्याला द्यायचाच तो किमान दर, केंद्र ठरवतं आणि महिन्याला किती साखर विकायची तो कोटाही केंद्राचाच. एफआरपी 14 दिवसांत दिली नाही तर 15 टक्के व्याज, असा नियम आहे. आमच्याकडे व्याज मागणाऱ्याच्या फडात कारखान्याची तोडणीची टोळी उशिरा येते. तोवर उसाला तुरे येतात, वजन घटतं. मत असूनही गप्प बसावं लागतं, हेही 'निर्णय' या ओळीत लिहा.

माळरान: आणि ऊसतोड कामगार? बीडकडून कोयते येतात, नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल फेडायला. ते सभासद नाहीत, त्यांना मत नाही. त्यांच्यासाठी कारखाना सहकारी असला काय, खासगी असला काय. त्यांची ओळ नसेल तर तक्ता अर्धाच.

गोदाकाठी: वडिलांच्या नावचा शेअर माझ्या नावावर करायचाय, वारसनोंदीला काय लागतं?

नदीकाठ: वेगळा धागा काढा.

रेवा_२१: ऊसतोडवाल्यांची ओळ घालते. पण 'नफा' समोर काय लिहू? पप्पा म्हणतात कारखाना तोट्यात आहे.

ऊसकरी: सहकारात नफा बराचसा उसाच्या दरातूनच वाटला जातो, त्यामुळे नुसत्या ताळेबंदावरून कळत नाही. एफआरपीच्या वर किती मिळाले? डिस्टिलरीचं (मद्यार्काचं) आणि विजेचं उत्पन्न त्यातच धरलंय का? वार्षिक अहवाल घरी असेलच, नफा-तोटा पत्रकाचा फोटो टाका.